मामांची जिप्सी, दादाची थार

एक २००१ची, दुसरी २०२२ची. एकीत एसी नाही, दुसरीत काय नाही ते विचारा! चंद्रपूर, आलापल्ली, भामरागड... दोन्ही गाड्या आलटूनपालटून चालवल्या. कारण त्यातली एक विकायची की नाही, हे ठरवायचं होतं.

आधीच एक कबुलीजबाब देऊन टाकते. स्पोर्ट्स कार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे काही येतं ना, लाल रंग, दोन दारं आणि जमिनीला टेकलेलं बूड, तसलं मी आयुष्यात काही चालवलेलं नाही. पुण्यात एकदा सिग्नलला माझ्या स्कूटीशेजारी एक पोर्शे उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं नाही. एवढंच आमचं नातं! आणि समजा उद्या कुणी किल्ली हातात दिलीच, तरी मी ती गाडी माझ्या गावाला नेऊन काय करणार? मी चंद्रपूरची. आमच्या रस्त्यांवर कोळशाचे ट्रक धावतात. त्यांनी पाडलेल्या खड्ड्यांत त्या बिचारीचं पोट घासून घासून संपून जाईल.

मग आमच्याकडची स्पोर्ट्स कार कोणती? हसू नका, पण जिप्सी. मारुतीनं १९८५च्या डिसेंबरमध्ये आणलेली, लष्करात आणि पोलिसांत दिसणारी, ताडोबाच्या प्रत्येक वाघाच्या फोटोत कोपऱ्यात डोकावणारी तीच जिप्सी. भारतातल्या रॅलीजमध्ये कितीतरी वर्षं या गाडीचा दबदबा होता. रेड दी हिमालयसारख्या शर्यतीत ती बर्फातून आणि दगडगोट्यांतून पळालेली आहे. दारंही दोनच आहेत. अजून काय पाहिजे, सांगा?

तर अशी एक जिप्सी माझ्या मामांकडे आहे. आलापल्लीत, घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये. मामा तेंदूपत्त्याच्या ठेकेदारीत होते. मे महिन्यात या फळीवरून त्या फळीवर, दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर. त्यासाठी २००१मध्ये नागपुरातून त्यांनी ही गाडी आणली. मी अठराची झाले तेव्हा त्यांनी मला ड्रायव्हिंग शिकवलं ते हिच्यावरच. त्यामुळे पुण्यात मैत्रिणींच्या गाड्या चालवताना मला कायम वाटतं, स्टिअरिंगमध्ये काहीतरी बिघडलंय. एवढं हलकं कसं?

गेल्या दिवाळीत मामांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, जड गाडी चालवायची नाही. इकडे जिप्सीची नोंदणी संपत आलेली. पहिली पंधरा वर्षं २०१६ला संपली, मग पाच, मग परत पाच. म्हणजे आता २०२६. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी २०२५मध्ये १० हजार रुपये झाली. त्यात हरित कर आणि फिटनेससाठी करावी लागणारी डागडुजी आली. माझा मामेभाऊ हिंजवडीत आयटीत आहे आणि त्याच्याकडे २०२२ची थार आहे, पेट्रोल ऑटोमॅटिक. त्याचं म्हणणं सरळ आहे. विकून टाका. मामींचंही तेच. मामा काहीच बोलत नाहीत. मग दादाचा मला फोन आला, "तू ये. दोन्ही गाड्या चालव आणि बाबांना समजव. तुझं ऐकतील."

म्हणजे मी गेले ते निकाल आधीच ठरलेल्या स्पर्धेची परीक्षक म्हणून. पण कोणाला हो नको असतं, मार्च महिन्यात फुकट जंगलात जायला?

दादा मला घ्यायला चंद्रपूर स्टेशनवर आला होता. पहाटे साडेसहाला बल्लारपूर मागे टाकलं आणि कोठारीच्या अलीकडे त्यानं गाडी माझ्या ताब्यात दिली. पळस संपत आला होता, मोह सुरू व्हायचा होता. दोन्ही बाजूंना साग, पानं झडलेला. याच पट्ट्यात २०२१मध्ये कन्हाळगाव अभयारण्य जाहीर झालं, त्यामुळे वेगावर लक्ष ठेवावं लागतं.

थारमध्ये बसल्यावर पहिली गोष्ट काय जाणवते सांगू? आपण उंच झालोय! बॉनेटचे दोन्ही कोपरे सीटवरून दिसतात. २ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० बीएचपी, ३२० न्यूटन मीटर टॉर्क. ही दुसरी थार, २०२०च्या गांधीजयंतीला बाजारात आलेली, नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी. आधीची २०१०ची थार म्हणजे जुन्या जीपचीच नात. महिंद्रानं मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली ती १९४७मध्ये, त्या घराण्यातली. ही नवी मात्र शहरात वाढलेली पणती आहे. चेहरा पणजीचा आणि सवयी सगळ्या मॉलच्या. टचस्क्रीन, क्रूझ कंट्रोल, छतात स्पीकर. आत चिखल झाला तर पाणी मारून धुता येते, हे दादानं मला तीनदा सांगितलं. त्यानं गाडी आतून एकदाही धुतलेली नाही, हे त्याच्या बायकोनं सांगितलं.

पाय दाबला की गाडी क्षणभर विचार करते आणि मग सुटते. ऐंशीला तिला काही वाटतच नाही. वळणावर थोडी कलंडल्यासारखी होते, उंच गाडी आहे, चालायचंच. मी निवांत होते. एसी चालू, गाणी चालू, दादाचं अप्रेझलपुराण चालू. आणि गोंडपिपरीच्या अलीकडे एक रानडुक्कर डावीकडून थेट रस्त्यावर आलं.

मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. पायाखाली ब्रेक थरथरला, ते एबीएस. गाडी सरळ रेषेत थांबली. डुक्कर आमच्याकडे न बघता पलीकडे गेलं, त्याच्यामागून चार पिल्लं. मिनिटभर कुणीच काही बोललं नाही. मग दादा म्हणाला, "हेच जिप्सीत झालं असतं तर?"

मुद्दा बिनतोड होता. जिप्सीत एबीएस नाही, एअरबॅग नाही, मागे ड्रम ब्रेक. या थारला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये २०२०मध्ये चार तारे मिळाले होते. जिप्सीच्या जन्माच्या वेळी आपल्याकडे असली काही भानगडच नव्हती. पुढे असे नियम आले, प्रदूषणाचे निकष कडक झाले आणि २०१९च्या सुमारास ती आपल्यासारख्यांसाठी बंदच झाली. मी मनात एक गुण थारला देऊन टाकला. एक कशाला, चार.

वैनगंगेचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. गडचिरोली हा १९८२मध्ये चंद्रपुरातून वेगळा झालेला जिल्हा, पण आमच्या घरात आजही आलापल्लीला जाणं म्हणजे 'खाली जाणं'. आष्टीच्या पुढे सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक भेटायला लागले. लाल धूळ. आम्ही काचा बंद करून त्या धुळीतून गेलो आणि आलापल्लीत उतरलो तेव्हा माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर एक डाग नव्हता. मामा अंगणात उभे होते. अर्धे झालेत. थारभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "धुऊन आणली का बे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जिप्सी.

शेडचा पत्रा बाजूला केला आणि किल्ली फिरवली. गाडी महिनाभर उभी होती, तरी तिसऱ्या फेरीला सुरू झाली. १३०० सीसीचं एमपीएफआय इंजिन, ८० बीएचपी. आकड्यांवर जाल तर थारच्या पुढे ही पोरगी वाटते. पण इथे एक गंमत आहे, ती मी रात्री मामांच्या डायरीच्या मागच्या पानावर गणित करून काढली. जिप्सीचं वजन साधारण एक टन आणि थारचं पावणेदोन टनांच्या आसपास. म्हणजे टनामागे ताकद काढली तर जिप्सीला ८० आणि थारला ८५ च्या घरात! जवळजवळ बरोबरी. फरक आहे तो टॉर्कचा. जिप्सीचा टॉर्क १०३, तोही इंजिन चांगलं ओरडायला लागल्यावर येणारा. थारमध्ये नुसता पाय टेकवला की काम होतं. जिप्सीत आधी तिचं मन वळवावं लागतं. गिअर खाली, इंजिन वर, मग चला.

शेजारी मामा बसले. डॉक्टरांनी चालवायला मनाई केलीय, बसायला नाही, असा त्यांचा अर्थ. मागे थारमध्ये दादा. आम्ही भामरागडच्या रस्त्याला लागलो.

पहिल्या वळणावरच माझ्या खांद्यांना आठवलं. पॉवर स्टिअरिंग नाही. चारही चाकांना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक खडा आपली ओळख करून देतो. साठच्या पुढे गाडीतल्या सगळ्या वस्तू बोलायला लागतात. आरसा, टपाचे हूक, मामांचा स्टीलचा डबा. चाळीसवर मात्र... काय सांगू! चाळीसवर तिसऱ्या गिअरमध्ये ती अशी काही लयीत येते की आपण काहीतरी फार भारी करतोय असं वाटतं. गिअर टाकला की खट्‌ असा हाताला लागतो. वळण येतंय, कमी कर, आता सोड, आता ओढ. सगळं माझ्या हातापायांनी होत होतं. थारमध्ये हीच मजा यायला मला आदल्या दिवशी नव्वद-शंभर गाठावे लागले असते, आणि या रस्त्यावर शंभर गाठणारा माणूस एक तर मूर्ख असतो किंवा नवखा.

आलापल्लीपासून थोडं पुढे वनवैभव लागतं. जुन्या, न तोडलेल्या सागाचा तो तुकडा २०१४मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. तिथे मी गाडी बंद केली. मान मागे टाकून बघत राहावं अशी झाडं. टप काढलेलाच होता, त्यामुळे बघायला गाडीतून उतरावंसुद्धा लागलं नाही. मागून दादा आला, थांबला, काच खाली केली, म्हणाला, "काय झालं? बंद पडली?"

आणि वास! एका वळणावर मोहाचा वास आला, तो जडसर गोड. फुलं नुकती पडायला लागली असणार. मी दादाला नंतर विचारलं, तुला आला का? तो म्हणाला, कुठे? त्याच्या गाडीत लव्हेंडरचं फ्रेशनर लावलेलं आहे.

मला वाटतं, लिहिण्यासारखी गोष्ट घडली ती ताडगावच्या आसपास. रस्त्याकडेच्या एका घरातून एक म्हातारे गृहस्थ लगबगीनं बाहेर आले, हात वर केला. मी थांबवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, वाकून पलीकडे मामांकडे बघितलं. गाडीचा आवाज ओळखून ते बाहेर आले होते. मामा दवाखान्यात होते एवढंच त्यांना कळलं होतं, पुढचं काही कळलं नव्हतं. दोघं माडियात आणि मराठीत मिसळून बराच वेळ बोलले. मला त्यातलं निम्मं कळलं. एका पावसाळ्यात याच गाडीतून त्यांच्या सुनेला बाळंतपणासाठी हेमलकशाला नेलं होतं, लोकबिरादरीच्या दवाखान्यात, एवढं मात्र समजलं. मामांनी हे घरी कधी सांगितलेलं नव्हतं. ते दिवस नक्षलवादाचे. अंधार पडल्यावर या रस्त्यावर कोणी गाडी काढत नसे. जो काढे, त्याच्या गाडीचा आवाज लोकांना पाठ असे.

मागे थार उभी होती. पंधरा मिनिटं, इंजिन आणि एसी चालू ठेवून.

भामरागडला पोचून चहा घेतला आणि परत फिरलो. येताना गाड्यांची अदलाबदल केली. मी थारमध्ये, दादा जिप्सीत. मुद्दाम. बघू तरी, पट्ठ्या काय करतो! तोही शिकला होता याच गाडीवर, पण त्याला दहा वर्षं झाली. पहिले दोन किलोमीटर गाडी ससा झाली होती. मग हळूहळू तो सावरला. आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता. हसत होता, एकटाच. त्याच्याशेजारी बसलेले मामा मात्र समोर बघत होते, ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरासारखे.

खरी परीक्षा संध्याकाळी झाली. मामांच्या धानाच्या बांध्या गावापासून दोनेक किलोमीटर आत आहेत. रस्ता म्हणजे बंडीची वाट. मध्ये एक नाला, त्यात मार्चमध्येही टाचभर पाणी आणि गोटे. मी म्हटलं, दोन्ही नेऊ. दादाचा चेहरा पडला. कंपनी सांगते की थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते. हे त्यानं मला गाडी घेतली त्या दिवशी व्हॉट्सअॅप केलं होतं. पण सागाच्या फांद्या काही व्हॉट्सअॅप वाचत नाहीत.

जिप्सीची रुंदी दीड मीटरहून जेमतेम चार सेंटिमीटर जास्त, थारची १८२ सेंटिमीटर. लांबीला दोघी सारख्याच, उलट जिप्सीच किंचित लांब. म्हणजे सगळा फरक आडवा, जवळजवळ फूटभर. या फूटभरात काय होतं ते मी त्या वाटेवर बघितलं. "बंडीच्या चाकोरीत जिप्सी बसते," मामा म्हणाले, आणि खरंच तिची दोन्ही चाकं दोन्ही चाकोऱ्यांत बसली. स्टिअरिंग जवळजवळ सोडून दिलं तरी चालेल, वाटच गाडीला नेते. थारचं एक चाक चाकोरीत आणि दुसरं उंचवट्यावर. ती तिरकी होऊन येत होती. दोन्ही आरसे मिटवलेले, तरी दाराला फांदी लागल्याचा तो कर्र्‌ आवाज झालाच. दादानं डोळे मिटले.

पण नाल्यावर तिनं हिशेब चुकता केला. जिप्सीला मी फोर-लोमध्ये टाकलं, पहिल्या गिअरमध्ये सोडलं, ती मुंगीसारखी पार झाली. पलीकडचा चढ मात्र पाणी लागून बुळबुळीत झालेला. मागचं चाक फिरायला लागलं. दोनदा मागे घेतली, तिसऱ्यांदा वेग घेऊन कशीबशी वर. माझा घाम निघाला. दादा आला, त्यानंही फोर-लो टाकलं. एक चाक तिचंही घसरलं, पण गाडीनं आपण होऊन ते घसरणारं चाक धरलं, ताकद दुसऱ्या चाकाला दिली आणि ती आरामात वर. त्यानं फक्त स्टिअरिंग धरलं होतं. वर येऊन काच खाली करून म्हणाला, "झालं?"

झालं. कौतुक करण्यासारखंच होतं. मला फक्त हे कळेना की कौतुक त्याचं करायचं की नाशिकच्या इंजिनिअरांचं.

रात्री जेवताना मामींनी विषय काढला. मी परीक्षक, मला बोलणं भाग होतं. मी जे खरं वाटलं ते सांगितलं. चालवायला मला जिप्सी आवडली, फार आवडली. पण तुम्हाला रात्री दोन वाजता परत छातीत दुखलं, तर मी तुम्हाला जिप्सीत घालून सव्वाशे किलोमीटर चंद्रपूरला नेणार नाही. ज्या गाडीत मी चार तास मजेत बसते, त्या गाडीत आजारी माणूस तासभरही झोपू शकत नाही. आणि गाडी शेडमध्ये उभी राहून सडते, हेही खरं. मामा भात कालवत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे, बाई. बोलव त्याले."

'तो' म्हणजे मोहर्लीचा एक जिप्सीवाला. ताडोबाच्या कोअरमध्ये आपली गाडी नेता येत नाही. नोंदणी केलेल्या सफारी गाडीतून, गाईड घेऊनच जावं लागतं. त्या सफारीची ओळख म्हणजे जिप्सी. नवी मिळत नाही, म्हणून जुन्या चांगल्या जिप्सीला अजून भाव आहे, आणि सुट्या भागांसाठी तर आहेच. दादानं त्याच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. रविवारी तो आला. तिशीचा, बोलायला मऊ. गाडीखाली जाऊन चेसी बघितली, बोटानं टिचकी मारत गंज शोधला, ऑइलची काडी काढून वास घेतला. म्हणाला, साडेतीन देतो.

मामा म्हणाले, "पाच."

दादानं माझ्याकडे बघितलं. पाच लाख म्हणजे सरळसरळ हाकलून देणं होतं. तो माणूस पाच मिनिटं गाडीभोवती फिरला. फोनवर कुणाशी तरी बोलला. परत आला आणि म्हणाला, "ठीक आहे मामाजी, पाच."

अंगणात शांतता. मामींनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मामांनी तो घेतला, संपवला, गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "स्टेपनी देणार नाही."

"चालेल."

"टप नवा आहे. टप काढून ठेवीन."

"मला टप लागतच नाही, मामाजी. सफारीची गाडी आहे."

"मग तेंदूचा सीझन होऊ द्या. सीझनभर लागते मले."

मामांनी तेंदूचं काम सोडून पाच वर्षं झाली. हे त्या अंगणात उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं, बहुतेक त्या मोहर्लीवाल्यालाही. तो हसला, हात जोडले आणि जूनमध्ये येतो म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मामांची चंद्रपूरला तपासणी होती. पुढच्या सीटवर, मऊ उशी पाठीशी घेऊन ते थारमध्ये बसले. आष्टीपर्यंत झोपले. उठल्यावर एसी कमी कर म्हणाले, मग वाढव म्हणाले. त्यांचा ईसीजी व्यवस्थित आला. परत जाताना त्यांनी दादाला आरटीओत गाडी थांबवायला लावली आणि नूतनीकरणाचा फॉर्म घेऊन आले.

मी पुण्याला आलेय. मामींचा काल फोन होता. मोहर्लीवाला दोनदा फोन करून गेला म्हणे, जूनची वाट न बघता. मामांनी त्यांना सांगून ठेवलंय, परत आला तर सांग, झोपले आहेत.